नववी ब मधले घोलपसाहेब

हेमलताबाई घोलप यांच्या संसारात नववी इयत्तेचं वर्ष भरायचं राहून गेलं होतं, हे लक्षात आलं तेव्हा त्यांच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. त्यामुळे नियमाप्रमाणे त्यांना आणि त्यांच्या यजमानांना जूनपासून आमच्या नववी ब मध्ये बसवण्यात आलं. मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक, पेंढारकर. गणित शिकवतो.

उणीव सापडली ती भाचीमुळे. भाची सुट्टीत राहून गेली आणि जाताना जपानी चित्रकथांचा गठ्ठा मावशीकडे विसरली. शाळेतल्या मुलामुलींच्या हलक्याफुलक्या प्रेमाच्या त्या मांगा. उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. माझ्या वर्गातही पोरं त्या बाकाखाली धरून वाचतात आणि मी जप्त करतो. जप्त केलेलं पुस्तक वाचल्याशिवाय परत करू नये, असं माझं मत आहे. गोष्ट म्हणाल तर नावाला नाही. एका भागात मुलगा मुलीला खोडरबर देतो. पुढच्या भागात मुलगी ते परत करते. मधल्या वेळात दोघं लाजतात. कोणी मरत नाही, कोणाची जात निघत नाही, बाप काठी घेऊन धावत नाही. यात वाचण्यासारखं आहे तरी काय, असं म्हणत मी सात भाग वाचले आणि आठवा कोणाकडे आहे याची वर्गात चौकशी केली.

हेमलताबाईंनी सगळे वाचले आणि त्या तडक आमच्या मुख्याध्यापिका दाणीबाईंकडे आल्या.

‘आमचं लग्न एका रविवारी चहापोह्यांवर ठरलं,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांनी विचारलं, स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, येतो. झालं. तसं मला काही कमी नाही हो, बाई. माणूस सोन्यासारखा आहे. पण एकदा तरी माझ्यामुळे ह्यांची तारांबळ उडालेली मला बघायची आहे.’

दाणीबाईंनी नियम पाहिले. नववी न भरता थेट लग्न झालं असेल तर ते वर्ष केव्हाही भरता येतं, वयाची अट नाही. मात्र वर्ष संपेपर्यंत लग्न अजून व्हायचंच आहे असं धरावं लागतं. म्हणून हेमलताबाई नदीपलीकडे बहिणीकडे राहायला गेल्या आणि हजेरीत त्यांचं माहेरचं नाव आलं. पहिल्या दिवशी मी ‘हेमलता निकम’ असं पुकारलं, तेव्हा त्या ‘हजर’ म्हणायचंच विसरल्या. आधी त्यांनी डोळे पुसले, मग म्हणाल्या.

घोलपसाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. काम अंगावर ठेवायची त्यांना सवय नाही. त्यांना खिडकीशेजारचा शेवटून दुसरा बाक दिला, कारण मांगातला नायक तिथेच बसतो. आमच्याकडे त्या बाकाचा एक पाय मोडका आहे. साहेब बसले, डुगडुगले आणि हजेरी संपताच उभे राहिले.

‘निकम, तू मला आवडतेस,’ ते म्हणाले. ‘सर, झालं ना? मग हिला घेऊन जातो. दुपारी गॅसवाला यायचाय.’

वर्गाने ‘ईऽऽ’ केलं. मी म्हटलं, ‘घोलप, खाली बस. कबुली ग्राह्य नाही.’ साहेबांच्या डोक्यावर काहीच उमटलं नव्हतं.

आमची इमारत जुनी आहे, आणि नववीच्या वर्गांत कोणाचं काळीज हललं की डोक्यावर हवेत जाड काळ्या अक्षरांत ‘धडधड’ असं उमटतं. मांगातही उमटतं, फक्त तिथे जपानीत असतं. तास संपला की अक्षरं खाली पडतात आणि शिपाई ती गोळा करून प्रयोगशाळेत ठेवतो. ‘ध’ स्पर्धेच्या फलकाला लागतात, ‘ड’ क्रीडादिनाच्या. नियम असा की दोघांच्याही डोक्यावर अक्षरं आल्याशिवाय कबुली धरत नाहीत. वार्षिक निकालापर्यंत आली नाहीत तर वर्ष रद्द. होते तसे घरी जायचं, पुन्हा संधी नाही.

‘अहो, जरा दमानं घ्या की,’ हेमलताबाई नवऱ्याला म्हणाल्या.

मी त्यांनाही थांबवलं. ‘अहो’ ही बायकोची हाक, आणि लग्न तर अजून झालेलं नाही. नावाने हाक मार, असं मी सांगितलं.

‘ह्यांचं नाव?’ त्या घाबरून म्हणाल्या. ‘उखाण्याशिवाय?’

त्या दिवसापासून हेमलताबाई साहेबांशी बोलेनाशा झाल्या, कारण हाक मारायला शब्दच उरला नाही.

त्यांच्या बाकावर ओवी नावाची मुलगी बसायची. वर्गाची मॉनिटर, आणि या विषयात पुष्कळ वाचन असलेली. तिने सल्ला दिला, ‘हेमा, तू नुसतं त्याच्याकडे बघ आणि पटकन खाली बघ. पाचव्या भागात तसंच आहे.’ हेमलताबाईंनी भूमितीच्या तासाला तसं केलं. साहेबांनी मागून मोठ्याने विचारलं, ‘मान अवघडली का गं? तेल लाव.’ डोक्यावर काही नाही. दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाला काही फुटेल असं मला वाटेना.

दिवाळी झाली. साहेब घरी स्वतः रांधायला शिकत होते. एकदा हेमलताबाईंची बहीण तापाने पडली आणि बाई डब्याशिवाय आल्या. मधल्या सुट्टीत साहेबांनी स्वतःचा डबा त्यांच्या बाकावर आणून आदळला. ‘करपलंय. बघून खा,’ म्हणाले आणि निघून गेले. हेमलताबाईंनी झाकण उघडलं. आत काळी पडलेली पोळी होती, आणि कडेला तूप वेगळ्या वाटीत, त्यांना लागतं तसं. त्यांच्या डोक्यावर एक लहानसं, सुबक ‘धड’ उमटलं. अर्धंच, पण मी ते मान्य केलं. बाईंनी पोळीचा तुकडासुद्धा टाकला नाही. साहेब मात्र कोरडे ठणठणीत.

फेब्रुवारी आला. हेमलताबाई दुपारी एकट्याच खिडकीपाशी बसू लागल्या. एकदा मला म्हणाल्या, ‘सर, माझ्यातच काही नसेल.’ मला वाईट वाटलं. गणिताच्या शिक्षकाने अशा वेळी काय बोलायचं असतं, ते बी.एड.ला शिकवत नाहीत.

मग ओवीला कांजिण्या झाल्या आणि मॉनिटरचं काम हेमलताबाईंकडे आलं. त्याच आठवड्यात मराठीच्या बाई रजेवर गेल्या आणि तास मोकळा मिळाला. मोकळ्या तासाला जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिहायचं, ही शाळेची पद्धत. मी दारातून पाहत होतो. मागच्या बाकांवर घोलपसाहेब पोरांना सांगत होते की भाजीवाला तराजूच्या पारड्याला अंगठा कसा लावतो. पोरं हसत होती, गोंधळ वाढत होता. हेमलताबाईंनी खडू उचलला. ‘भा’ लिहिलं. हात थांबला. त्यांनी ‘भा’ पुसलं आणि पुन्हा लिहिलं. वर्ग बघू लागला. साहेब बोलतच होते. तेव्हा बाई वळल्या, डस्टर टेबलावर आपटला आणि म्हणाल्या, ‘ए भालचंद्र! गप्प बस.’

गावात या माणसाला सगळे घोलपसाहेब म्हणतात. आई गेल्यापासून भालचंद्र कोणी म्हटलेलं नव्हतं. साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आणि त्यांच्या डोक्यावर ‘धडधड’ उमटलं, ते एवढं मोठं की एक ‘ड’ पंख्यात अडकून पंखा बंद पडला. दुसऱ्याने ट्यूबलाइट फोडली. आम्ही वर्ग प्रयोगशाळेत हलवला. साहेब तिथे बेडकाच्या बरणीशेजारी बसले आणि दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. हेमलताबाई पाठमोऱ्या बसून हसत होत्या, आणि बहुतेक थोड्या रडतही होत्या.

वार्षिक परीक्षा होऊन गेली, आता फक्त कबुली राहिली होती. मांगात ती गच्चीवर देतात, नाही तर शाळेच्या मागे. आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि मागे मुतारी, म्हणून सायकलस्टँडजवळचं बदामाचं झाड ठरवून दिलं. सगळा वर्ग खिडकीत होता. मीही होतो, शिस्तीसाठी.

साहेब ओला भांग पाडून आले. ‘निकम,’ म्हणाले आणि थांबले. ‘मला असं म्हणायचंय की...’ मग शर्टाचं बटण पिरगाळत राहिले, ते तुटून हातात आलं. पहिल्या दिवशी रबरी शिक्का मारावा तसं जे वाक्य त्यांनी मारलं होतं, त्यातला ‘निकम’च्या पुढचा शब्दसुद्धा आता त्यांना सापडेना. मधली सुट्टी संपत आली.

‘काय रे?’ हेमलताबाईंनी विचारलं.

‘तू... उद्या येशील ना शाळेत?’

ज्याला एकोणतीस वर्षं रोज सकाळी चहा दिला, त्या माणसाकडे त्यांनी नीट पाहून घेतलं.

‘बघते,’ त्या म्हणाल्या आणि वर्गाकडे पळाल्या. गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना, तरी पळाल्या.

दाणीबाईंनी दोघांना बोलावलं. ‘अक्षरं आली, आता ते वाक्य बोला आणि घरी जा. निकाल परवा आहे.’ साहेब कानापर्यंत लाल झाले, बुटांकडे बघत म्हणाले, ‘बाई, अजून जमत नाहीये.’

संध्याकाळी मी शिक्षकखोलीत पेपर तपासत होतो. हेमलताबाई दारात आल्या.

‘सर, नापास झालं तर काय होतं?’

‘अक्षरं आलेली असतील तर वर्ष रद्द होत नाही, फक्त संपलं असं धरत नाहीत. पुन्हा नववी.’

‘मग मला नापास करा.’

‘निकम, तुला गणितात अठ्ठ्याऐंशी आहेत.’

‘सर, तुम्ही ती पुस्तकं वाचता ना?’ त्या म्हणाल्या. ‘शेवटचा भाग हातात आला की कसं वाटतं तुम्हाला?’

मी गठ्ठ्यातून त्यांचा पेपर काढला. घोलपसाहेबांची अडचण नव्हती. जन्मभर वजनंमापं तपासलेला हा माणूस गणितात मुळातच नापास होता. मी लाल पेन उचललं आणि बाईंच्या पेपरातली दोन बरोबर उत्तरं खोडली. पुढची कोणती खोडायची ते त्यांनीच खुर्ची ओढून, शेजारी बसून दाखवलं.