अधीक्षक साहेबांच्या तीन पंगती

निपाणीचं चर्च पाळक चालवतो, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं! चालवत होती ती पाळकाची आई, अक्काताई. शाळा दुसरीतच सुटलेली, पण मंडळीतली नव्वद घरं तिच्या जिभेवर. कुणाचा जावई रुसलाय, कुणाची म्हैस आटलीय, कुणाच्या सुनेला कितवा महिना, काहीही विचारा!

"माझा मार्तंड उपदेश करतो," ती सांगायची, "बाकीचं समदं मी बघतो."

त्या आठवड्यात मात्र तिच्यावरही बाका प्रसंग आला. कुणा भल्या माणसानं बेळगावला निनावी अर्ज धाडला होता, 'आमचे पाळक कुणाच्या घरी भेटीला जात नाहीत.' चौकशीला खुद्द चर्चचे जिल्हा अधीक्षक साहेब रविवारी येणार होते. अर्ज खरा ठरला तर मार्तंडची बदली थेट बिदरला! नात श्रिया दहावीत, सून मंगल इथल्याच शाळेत बाई. ऐन डिसेंबरात बिऱ्हाड हलवायचं म्हणजे रटरटणारं भाताचं पातेलं उचलून शेजारणीच्या चुलीवर नेऊन ठेवायचं!

"घरभेटी पायजेत व्हय साहेबास्नी? दावतो की!" अक्काताईनं पदर खोचला.

शनिवारी मार्तंड उपदेश लिहायला दार लावून बसला की त्याचा फोन आईकडं. पहिला फोन आला बाळाबाईचा. म्हातारी दवाखान्यातली रिटायर नर्स.

"आक्का, नातवाला मच्छे गावच्या कंपनीत नोकरी लागलीया. पाळकसाहेब प्रार्थनेला येतील काय?"

"येतोय की! उद्याच! बारा वाजता!"

मग गुंडाप्पाचा. त्याला नव्या ट्रॅक्टरसाठी प्रार्थना हवी होती. त्याला दीडची वेळ दिली. मग संकेश्वरहून सौरवचा. साखर कारखान्यात फिटर, नवी खोली बांधलेली. त्याला तीनची. सांजेची उपासना संकेश्वरलाच होती, म्हणजे जाता जाता काम!

भाजी निवडता निवडता मंगलनं मान वर केली. "आत्ती, एका दुपारी तीन घरं?"

"प्रार्थना धा मिनटाची, च्या पाच मिनटाचा. एवढं गणित येत न्हाय नि पोरास्नी काय शिकवतीस गं?"

गणित बरोबर होतं. चुकलं होतं ते वेगळंच. या मुलखात पाळक भर दुपारी दारात आला आणि न जेवता गेला, तर त्या घराची अब्रू गेली म्हणून समजा! आणि हा नेम सगळ्यांत कडक पाळणारी कोण? अक्काताईच! गेल्या साली एका घरानं दुपारच्याला नुसत्या चहावर भागवलं, तर हिनं भर चर्चच्या पायरीवर त्या बाईला विचारलं होतं, "का गं, तुमच्या गिरणीत दळण मिळंना झालंय काय?" तेव्हापासून मंडळीतल्या बायका मार्तंडची मोटार दिसली की आधी तवा तापवत.

रविवारी साहेब आले. उंच, किडकिडीत, काठीला सदरा अडकवल्यासारखे. काखेत फाईल. सकाळची उपासना झाल्यावर म्हणाले, "पाळक, आज मीही आपल्यासोबत घरभेटींना येणार."

अक्काताईला तर आभाळ दोन बोटं उरलं! साहेबांची मोटार ड्रायव्हरनं पुढं संकेश्वरला नेली आणि ती मार्तंडच्या मोटारीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

बाळाबाईच्या दारात पाऊल टाकलं आणि मटणाच्या वासानं स्वागत झालं. प्रार्थना धा मिनटात झाली, पण पुढं ताटं मांडलेली!

"साहेब, घ्या. भाकरी हाताएवढीच हाय." हात बाळाबाईचा होता, म्हणजे सुपाएवढा.

साहेब खुशीत जेवले. तीन भाकरी! मार्तंडही पोटभर जेवला. घरी जाऊन जरा पडावं, म्हणून त्यानं मोटार वळवली, तोच मागनं आवाज आला.

"तिकडं कुठं रं? गुंडाप्पाकडं जायाचं हाय."

"आई, आता?"

"ट्रॅक्टर दारात उभा हाय. तुझी वाट बघतोय."

इकडं बाळाबाईनं मोठ्या मायेनं गुंडाप्पाच्या बायकोला फोन लावला. "मंगळवारच्या बाजाराला येतीस न्हवं? आन् व्हय, आमच्यात साहेबांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या हां!"

झालं! गुंडाप्पाची बायको हट्टाला पेटली. ट्रॅक्टरची प्रार्थना संपते न संपते तोच तिनं साहेबांना पाटावर बसवलं. कोंबडीचा रस्सा, वडे, वर पुरणाची होळगी.

"बाई, आम्ही जेवूनच…"

"बाळाबाईचं गोड लागलं आन् आमचं कडू काय, साहेब?"

साहेबांनी मार्तंडकडं पाहिलं. मार्तंडनं ट्रॅक्टरकडं पाहिलं. गुंडाप्पानं दोघांच्या ताटात तुपाची धार सोडली. चार होळग्या पोटात गेल्यावर साहेबांची फाईल काखेतनं खाली पडली. ती उचलायला वाकणं त्यांना जमेना. शेवटी ती अक्काताईनं उचलली आणि तिला पहिल्यांदा शंका आली की गणितात काहीतरी हुकलंय.

मोटार संकेश्वरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूला ऊस डोलत होता, मोटारीत साहेब. मधेच डोळे उघडून त्यांनी विचारलं, "आता थेट उपासनेलाच ना?"

मार्तंडनं आरशातनं आईकडं पाहिलं. मग अक्काताईच म्हणाली, "वाटंत एक घर हाय साहेब. ल्हानसं."

लहानशा घरापुढं मांडव होता! सौरवनं गल्ली जेवायला बोलावली होती. हंडा बिर्याणीचा. मार्तंडनं साहेबांचा उतरलेला चेहरा पाहिला. पण प्रार्थना झाल्याशिवाय ताटं वाढत नाहीत, हे त्याला माहीत होतं. त्यानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. नव्या खोलीसाठी प्रार्थना केली. खोलीच्या दारासाठी, खिडकीसाठी. उसासाठी, कारखान्यासाठी, कारखान्याच्या भोंग्यासाठी. तालुक्यासाठी, जिल्ह्यासाठी, सीमेच्या अलीकडच्यांसाठी आणि पलीकडच्यांसाठी. वीस मिनिटं झाली! दम लागला तेव्हा कुठं "आमेन" म्हणाला.

"सुंदर," साहेब घाईनं म्हणाले. "आता मीही एक छोटीशी प्रार्थना करतो." आणि ते बायबलच्या जुन्या करारापासून सुरू झाले.

पंचवीस मिनिटांनी डोळे उघडले तर सौरवची आई हात जोडून पुढं उभी. "किती मन लावून केलासा वो! बिर्याणी गार झालती, मी परत गरम करून आणलिया."

पुढचं काय सांगावं! साहेब जेवले. घास घेत, थांबत, आढ्याकडं बघत. मग अक्काताईकडं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "आजी, ह्या भेटी कुणी ठरवल्या?"

अक्काताईनं पदर सावरला. डोळ्यांपुढं बिदरचा फाटा, टेम्पोवर चढवलेली कपाटं आणि रडणारी श्रिया.

"मी ठरवल्या जी," ती पुटपुटली. "फोन माझ्याकडंच होता. लेकराची काय चूक न्हाय. बदली करायचीच तर माझी करा."

साहेबांनी नुसतं फाईलकडं बघितलं. बोलायला जागाच नव्हती.

सांजेच्या उपासनेला चर्च भरलं. साहेब तासभर बोलतात अशी ख्याती, पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची मागून घेतली आणि बसूनच बोलले.

"मंडळी, तुमचे पाळक घरी येत नाहीत असा अर्ज होता. आज मी स्वतः त्यांच्याबरोबर तीन घरं पाहिली. चौथं पाहण्याची माझ्यात ताकद नाही." त्यांनी खोल श्वास घेतला. "इथं दुसरा पाळक पाठवला तर तो नाताळपर्यंतही टिकायचा नाही. तेव्हा मार्तंड इथंच राहतील. अर्ज मी फाडतो आहे."

फाईलमधला कागद टरकन फाटला. मार्तंडनं डोळे मिटून घेतले. अक्काताईच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं पदर डोळ्याला लावला आणि "स्तोत्र म्हणा की रं, बसलायसा काय!" म्हणून अख्ख्या मंडळीला उठवलं. इतकं मोठ्यानं ती आजवर गायली नव्हती. सूर कुठं होता ते देवालाच ठाऊक!

उपासना सुटली. साहेब हळूहळू आपल्या मोटारीकडं निघाले. अक्काताई धावत मागं गेली.

"साहेब, लई उपकार झालं! आता असंच बेळगावला जायचं न्हाय हां! निपाणीला घरी चला. खिमा करून ठेवलाय. माझ्या हातचं दोन घास…"

साहेबांना एवढं चपळ कुणीच पाहिलं नव्हतं! दार उघडलं, आत पडले, "चल, चल!" म्हणून ड्रायव्हरवर ओरडले आणि मोटार धुरळा उडवत हायवेला लागली.

धुरळा बसला. रस्त्यात साहेबांची एक चप्पल पडलेली. अक्काताईनं ती उचलली, पदरानं पुसली आणि लेकाकडं बघून हळूच म्हणाली,

"मार्तंडा, ही पोचवायला उद्या बेळगावला जायाला लागंल की रं. मोकळ्या हातानं कसं जायचं? डबा भरून घेऊया?"