नलूताईंचं उरलेलं डाएट

आमच्या शेजारच्या नलूताईंचं डाएट महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू होतं आणि गुरुवारी संपतं. शुक्रवारी त्याचं उरलेलं सामान पिशवीत भरून त्या पेणहून रोह्याला बहिणीकडे जातात. यात आजवर खंड पडलेला नाही. डाएटला पडतो, रोह्याला नाही.

वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने भरभक्कम आणि आवाज त्याहून भक्कम. "शैला, पन्नाशीनंतर बाईने शरीराचं ऐकायचं गो," हे त्यांचं आवडतं वाक्य. पाळी गेली की हाडं कशी पोकळ होतात, बायका सगळ्यांना वाढून स्वतः कशा चहा-खारीवर राहतात, यावर त्या कठड्याला टेकून अर्धा तास बोलू शकतात. बोलताना हातात पोह्याचा तळलेला पापड असतो. मी त्याकडे पाहिलं की म्हणतात, "हा हलका असतो. फुंकर मारलीस तर उडंल." त्यांच्या शरीराने त्यांना आजवर तळलेल्याखेरीज दुसरं काही सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्यांची डाएटंही अजब. एका महिन्यात डिंकाचे लाडू, दुसऱ्या महिन्यात खजूर आणि साजूक तूप, मग नाचणीचं सत्त्व, तीळ, सुका जवळा. आणि सामान आणायचं ते पलटण जेवेल इतकं.

"नलूताई, वजन उतरवायला डिंकाचे लाडू?" मी एकदा न राहवून विचारलं.

"तुला काय कलतं? मोबाइलवर बाईनं सांगितलंय," म्हणून त्यांनी मला गप्प केलं. गुरुवारी त्यांनी "नाय जमत मला" असं जाहीर केलं. सगळी आळी हसली. सर्वांत मोठ्याने मीच.

गेल्या महिन्यात गुडघा धरला म्हणून पिशवी उचलायला त्यांनी मला सोबत नेलं. नागोठणं जाईपर्यंत पापड आणि गप्पा चालू होत्या. निडी स्टेशन गेलं तशी बाई गप्प झाली आणि चेहरा पाडून बसली. मला वाटलं, गुडघा दुखतोय.

"गुडघा नाय गो. आता मी हरलेली दिसायला पाह्यजे," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून सांगितलं ते असं. थोरली बहीण, वत्सलाआक्का, नवरा गेल्यापासून एकटी राहते. एकदाच पेज रांधते आणि तीच दोन वेळा खाते. मागच्या वर्षी अंगणात पडली आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत, वजन फार कमी आहे, आता नीट खाल्लं नाही तर पुढच्या पडण्यात खुबा जाईल. पण आक्का मानी. कुणी काही आणलं की तसंच परत पाठवते. एकच गोष्ट तिला बघवत नाही, टाकलेलं अन्न. "म्हणून मी डाएट सोडते," नलूताई म्हणाल्या. मला माझं हसणं आठवलं आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

रोह्याला नलूताईंनी उंबऱ्यातच पिशवी आदळली. "आक्का, नाय होत गो माझ्याच्यान! उकिरड्यावर टाकते हे सगलं!"

"अन्न टाकतात व्हय?" काटकुळी आक्का कडाडली. "ठेव तिथं. पैशाची मस्ती आलीय तुला." आणि चिडून चिडून तिने आमच्यासमोर एक लाडू संपवला.

मग आक्का म्हणाली, "चल, नदीवर जाऊ. पडल्यापासून एकटीला भ्या वाटतं." पेणमध्ये कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही रिक्षाने जाणाऱ्या नलूताई तिचा हात धरून कुंडलिकेच्या काठाने पार पुलापर्यंत धापा टाकत गेल्या. वाटेत औषधांच्या दुकानात वजनकाटा होता. "आक्का, तू चढ आधी. काटा बरोबर हाय का बघू." आक्का चढली. आकडा वाचून नलूताईंचा चेहरा असा फुलला की दुकानदारही हसला. "बरोबर हाय काटा," त्या म्हणाल्या आणि स्वतः न चढताच पुढे निघाल्या.

घरी आल्यावर नलूताई मागच्या दारी पाय धुवायला गेल्या. आक्काने मला जवळ बोलावलं.

"तुला सांगितलंन असंल ना तिनं? मला ठावं हाय सगलं. आमचा बाप मिठागरावर. भाकरी पुरायची नाय, तवा मी हिला म्हणायची, माझं पोट भरलं, तू खा. ही युक्ती माझीच हाय गो." ती जरा थांबली. "लाडू काय, मला गोड आवडतच नाय. पण खाल्लं नाय तर ती कशाला येईल?"

"आणि नदीवर भीती वाटते ते?"

"मी रोज सकाली एकटीच जाते पुलावर. पण तिचं गुडघं बघितलंस? चालवायला नको तिला? बोलू नको हां."

मी नुसती मान हलवली.

परतीच्या गाडीत नलूताई गुडघे चोळत होत्या. "आक्का फार भित्री झालीय गो. जायलाच पाह्यजे मला." मग पापडाची पिशवी सोडत म्हणाल्या, "म्हैना काय, बघता बघता सरंल. आता कसलं डाएट धरू?"

"तिळाच्या चटणीचं धरा," मी म्हटलं. "आणि जरा जास्तच करा. उरायला हवी."