साडेचारचं रात्रीचं जेवण

आमच्या शेजारचे सुधाकरकाका दुपारी साडेचारला रात्रीचं जेवण जेवतात. अख्खं बुऱ्हाणपूर त्या वेळी डोळे चोळत चहाची वाट पाहत असतं. काका मात्र पडदे ओढतात, दिवा लावतात आणि ताटासमोर तांब्याला टेकवून मोबाइल उभा करतात. कोणी हटकलं की म्हणतात, "अरे भाऊ, तिकडे रात झाली ना!"

तिकडे म्हणजे कोरियात. तिथली हाना नावाची मुलगी रोज कॅमेऱ्यासमोर लाइव्ह जेवते आणि जगभरातले चाहते ते बघतात. कागद मिलमधून रिटायर झालेले, काकू गेल्यापासून एकटेच राहणारे आमचे काका त्यांतलेच एक. ती काड्यांनी शेवयांचा वाडगा फस्त करते, हे इकडे वरण-पोळी खात तिला "सावकाश, बेटा" म्हणतात. एकदा त्यांनी ते चॅटमध्ये लिहिलं. तेव्हापासून कुठले कुठले परदेशी चाहते जेवण सुरू झालं की "सावकाश बेटा" लिहितात. अर्थ एकालाही ठाऊक नसावा.

मागच्या आठवड्यात काकांची हाक आली. "मास्तर, लवकर या! पोरगी रडून राहिली!"

मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून स्क्रीनखालची इंग्रजी अक्षरं वाचायचं काम माझ्याकडे. हाना उद्यापासून लाइव्ह बंद करणार होती.

"तिला लिहा ना, बंद नको करू म्हणा."

मी लिहिलं. निरोपांच्या गर्दीत ते कुठल्या कुठे वाहून गेलं. हानाने वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला, हात हलवला आणि स्क्रीन काळी झाली.

काकांच्या ताटातली पोळी तशीच होती. मला वाईट वाटलं, पण सुचलं ते भलतंच. म्हटलं, "काका, लाइव्ह जेवणाऱ्या अशा कितीतरी आहेत. दुसरी लावून देऊ?"

"नको, मास्तर." काकांनी मोबाइल उताणा ठेवला. "तुमची काकू जिंदगीभर मला गरम पोळ्या वाढत राहिली. मी जेवून बाहेर ओट्यावर बसलो, का मंग ती अंदर एकटी जेवायची. हिला पाहिलं का वाटे, ती बी तेव्हा अशीच जेवत असेल."

बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

"घास लहान घ्यायची का मोठा," काका म्हणाले, "मला तेवढं बी मालूम नाही."