आजीच्या तळव्याचा निकाल

मूल शाळेत पाठवण्याइतकं बरं आहे की घरी ठेवण्याइतकं आजारी, हे ठरवण्याचे सर्वाधिकार त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजीकडे होते. आजी दुसरीपर्यंत शिकलेली; पण त्या दोन वर्षांत एकही खाडा नाही, हे ती पदवी सांगावी तशी सांगे. सकाळी सात ते साडेसात ती दारात खुर्ची टाकून बसे. आया मुलं घेऊन येत, आजी उजवा तळवा कपाळावर टेकवी आणि निकाल देई. त्यावर अपील नव्हतं.

त्या आठवड्यात तिने ओळीने अकरा मुलं तपासली आणि अकराच्या अकरा ठणठणीत काढली. "कपाळ कसं गार आहे! नाटकं करतंय कार्टं. पाठवा!" आया धन्यवाद देत पळत. आजीचं अंग मोडून आलं होतं, पण एवढं जबाबदारीचं काम म्हटल्यावर ते यायचंच.

गुरुवारी घरातलंच प्रकरण सुनावणीला आलं. सात वर्षांची नात गादीवरून उठेना.

"आजी, डोकं दुखतंय."

तळवा टेकला. "गार. ऊठ."

सून थर्मामीटर घेऊन आली. "आई, एकशे एक आहे."

"त्या कांडीने किती पोरं वाढवली?"

"एकही नाही."

"मी चार वाढवली. मग ऐकायचं कुणाचं?"

आजीच्या लेकाने मोबाइलवर शोधलं. तिथे निम्मे लोक पाठवा म्हणत होते, निम्मे नका म्हणत होते आणि एक जण उशी विकत होता. "आई म्हणते तेच बरोबर असेल," असं म्हणून तो अंघोळीला गेला. सुनेला दहाला मीटिंग होती. तिने कांडी डबीत ठेवली. जरा लगबगीनेच ठेवली.

निकालाच्या अंमलबजावणीसाठी आजी स्वतः नातीला घेऊन निघाली. वाटेत पोर दोनदा कठड्यावर बसली. "बसायचं शाळेत," आजी म्हणाली, "तिथे बाक असतात."

शाळेच्या फाटकावर दोन पाट्या होत्या. पहिली: आजारी मुलांना आत प्रवेश नाही. दुसरी: आजारपणाच्या रजेसाठी मुलाला समक्ष आत आणून दाखवावे. पहारेकऱ्याने नातीचा चेहरा पाहिला आणि दोन्ही पाट्या पाहिल्या.

"आजारी आहे का?"

"नाही," आजी म्हणाली.

"मग आत जाऊ दे. आजारी असती तर घोळ झाला असता."

घोळ पुढच्या दारात झाला. नात पायरीवरच खाली बसली आणि शाळेच्या नर्सबाई धावत आल्या. त्यांनी एका हाताने पोरीला उचललं, दुसऱ्या हाताने आजीचा हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला.

"अहो आजी, तुमचा हात भाजतोय!"

"माझा हात कधी चुकत नाही."

नर्सबाईंनी वाद न घालता दोघींना आपल्या खोलीत नेलं आणि थर्मामीटर आजीच्या तोंडात सारला. आजी पूर्ण एक मिनिट गप्प राहिली. घरच्यांना कळलं असतं तर ते बघायला आले असते. पारा एकशे तीनवर थांबला.

"किती दिवस अंग दुखतंय?"

"सोमवारपासून. काम फार असतं हो."

नर्सबाईंनी हिशोब समजावला. एकशे तीनच्या तळव्याला एकशे एकचं कपाळ गारच लागणार. आजीने बाजूला पाहिलं. खोलीतल्या बाकांवर सहा मुलं आडवी पडली होती. सहाही तिच्या निकालातली. त्यातल्या एकीने डोळे उघडले.

"आजी, मला ताप नाहीये ना?"

आजीने सवयीने तळवा उचलला आणि पदराखाली घेतला. तेवढ्यात कारकून हजेरीपट घेऊन आला, बाकांवरची डोकी मोजली आणि सहाही मुलांपुढे 'हजर' लिहून गेला. मुलं शाळेत होती, यात खोटं काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी आजी-नात दोघींना तीन दिवस अंथरूण सांगितलं. आजीने भिंतीकडे तोंड करून जाहीर केलं, "आजपासून मी कुणाचं कपाळ बघणार नाही. माझ्या हाताचा भरवसा नाही." एवढं बोलणं तिला औषधापेक्षा जड गेलं.

शुक्रवारी सातला बेल वाजली. दारापासून जिन्यापर्यंत आया उभ्या.

"अगं बायांनो, कळलं नाही का? मला ताप आहे. मला सगळेच गार लागतात!"

"कळलं म्हणूनच आलोय," दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली. "किती आहे आज?"

"एकशे दोन."

"मग चालेल. माझ्याकडच्याला शंभरच आहे."

"तुमचा ताप उतरायच्या आत हात लावा हो आजी," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हाला ऑफिस आहे."

घरात राहिली असती तर सुनेचा नंबर आपोआप पहिला असता. पण तिने रीतसर बाहेर जाऊन रांग लावली होती; तिथेही पहिलीच. खांद्यावर नात, पाठीवर दप्तर.

"आई, फक्त आजचा दिवस."

आजीने पोरीच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग दारातल्या गर्दीकडे पाहिलं. एवढी माणसं ताटकळलेली बघून तिला आपण आजारी असल्यासारखंच वाटेना. तिने पांघरुणातून हात बाहेर काढला.

"गार," ती म्हणाली.

सून धन्यवाद म्हणून पळाली. रांग एक पाऊल पुढे सरकली. त्या रांगेत तुम्हीही होतात; कितवे, ते आजीने मोजलं नाही.