जाड पत्र्याची गाडी

खरेदी कशी करावी हे कोटेशनरावांकडून शिकावं, असं खुद्द कोटेशनरावांचं स्पष्ट मत होतं.

पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं खरेदी अधिकारी होते. तीन ठिकाणचे भाव लेखी मागवल्याशिवाय त्यांनी कधी टाचणीसुद्धा घेतली नव्हती. त्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं आणि बाकी जगासाठी ते कोटेशनराव झाले होते. घरीही तीच तऱ्हा. टूथपेस्ट संपत आली की तीन दुकानांचे भाव फ्रीजवर लागायचे आणि निकाल जाहीर होईपर्यंत घरातली माणसं जुनी ट्यूब लाटण्याखाली घालून दात घासायची.

अशा माणसाने विजेवर चालणारी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा काय काय झालं असेल, ते तुम्हीच ताडा. चार महिने एक फाइल फुगत होती. बॅटरी, चार्जिंग, टायर, डिकी अशा रंगीत चिठ्ठ्या लावून तिचे भाग पाडलेले होते. विक्रेत्याबरोबर सहा बैठका झाल्या. शेवटच्या बैठकीत दोन तास घासाघीस करून त्यांनी किल्लीची साखळी आणि एक मोठी काळी छत्री फुकट पदरात पाडून घेतली. विक्रेता पार रडकुंडीला आला होता, असं ते नंतर भेटेल त्याला सांगत होते.

बायको वाचनालयात काम करायची. हळू बोलायची तिला सवयच होती. ती एकदाच म्हणाली होती, "थोडं थांबायचं का? नवीन वस्तू आहे. भाव खाली येतील."

कोटेशनरावांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "पहिल्या तारखेपासून भाव वाढणार आहेत. आतल्या गोटातली बातमी आहे."

आतला गोट म्हणजे तो विक्रेताच. पण ही गोष्ट फाइलमध्ये कुठेच लिहिलेली नव्हती.

गाडी आली. इमारतीतली विजेवरची पहिली गाडी. शोरूममध्ये पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतला. लगोलग मेहुण्याला फोन केला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चष्म्यांचा दुकानदार. त्यालाही अशीच गाडी हवी होती.

"आजच जाऊन पैसे भर. पहिल्या तारखेनंतर पस्तावशील."

"बघतो, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

मेहुणा जन्मभर बघतच आला होता. त्याच्या दुकानाच्या पाटीतलं एक अक्षर तीन वर्षांपूर्वी गळून पडलं होतं, ते परत लावायचंही अजून तो बघतच होता. कोटेशनरावांनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर बरोबर एकोणीस दिवसांनी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर पेपर पडला होता. जाहिरातीचं पान वर येईल अशी त्याची घडी घातलेली होती. जाहिरातीत त्यांचीच गाडी होती. रंगसुद्धा तोच. किंमत दोन लाख दहा हजारांनी उतरली होती. आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रत्येक गाडीसोबत एक छत्री मोफत.'

कोटेशनरावांनी ती ओळ दोनदा वाचली. किमतीचं दुःख होतंच, पण ती छत्री फारच जिव्हारी लागली.

त्यांनी जिन्यात जाऊन विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, भाव वरून ठरतात. आमच्या हातात काय असतं? पण तुम्ही आमचे पहिले ग्राहक. तुमचा फोटो आम्ही भिंतीवर लावलाय."

घरात परत येतात तोच मेहुण्याचा फोन. "भाऊजी, पेपर पाहिलात? मी थांबलो ते बरंच झालं म्हणायचं."

आता सरळ माणूस काय म्हणाला असता? 'हो बाबा, माझं चुकलं.' चार दिवस लोक हसले असते आणि विसरले असते. पण बावीस वर्षं ज्या माणसाला कुणी फसवू शकलं नव्हतं, त्याने काय करायचं? कारखान्यात शिपायापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना विचारून पंखे घेत. ती सगळी अब्रू आता त्या एका जाहिरातीवर लटकत होती.

"भाव उगाच उतरतो का रे?" कोटेशनराव म्हणाले. "काहीतरी काढून टाकलं असणार त्यांनी."

"काय काढलं?"

कोटेशनरावांनी आजूबाजूला पाहिलं. बायको ओट्यावर टोस्टचा डबा उघडत होती. डब्याचं झाकण चेपलेलं होतं.

"पत्रा," ते म्हणाले. "पत्रा पातळ केलाय. आमची पहिली खेप जाड पत्र्याची. आता ती मिळायची नाही."

"तरीच," मेहुणा म्हणाला. "तुमच्यासारखा माणूस फसेलच कसा?"

फोन ठेवला तेव्हा बायको त्यांच्याकडे बघत होती. तिने नुसता टोस्ट पुढे केला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चष्म्याच्या दुकानात माणसं ताटकळत बसलेली असतात. डोळ्यांत थेंब घातलेले, वाचता काही येत नाही, कान मात्र मोकळे. मेहुण्याने आठ दिवसांत किमान साठ लोकांना जाड पत्र्याची हकिगत सांगितली. शेवटी 'हे माझ्या भाऊजींनी सांगितलं, खरेदी खात्यात आहेत' अशी मोहोर उठवायलाही तो विसरला नाही.

मग लोक कोटेशनरावांच्या गाडीवर टकटक करायला लागले. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई कामावर जाताना एकदा दारावर टकटक करायच्या. वॉचमन येता-जाता करायचा. अनोळखी माणसं यायची, बोटाच्या पेराने बॉनेट वाजवायची, कान लावायची आणि एकमेकांना म्हणायची, "बघा, आवाज कसा भरीव येतोय." कोटेशनराव पहिल्यांदा संकोचले. मग सवय झाली. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःही वाजवून पाहिलं आणि आवाज त्यांनाही भरीव वाटला.

इथवर सगळं ठीक होतं. पण दहाव्या दिवशी मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"मी कंपनीसाठी तीन विजेच्या गाड्या घेणार आहे," मालक म्हणाले. "पण म्हणे नव्या खेपेचा पत्रा पातळ आहे. मला माझ्या चष्मेवाल्याने सांगितलं. तुमच्याकडे त्या विषयाची माहिती आहे म्हणे."

"म्हणजे, तसं ऐकिवात आहे," कोटेशनराव म्हणाले.

"ऐकीव नको. मोजून लेखी द्या. शुक्रवारी दहाला अहवाल टेबलावर हवा. तपासनीस बाईंना बरोबर घ्या."

तपासनीस बाई म्हणजे कारखान्याचं मोजमाप खातं. पंपाच्या पत्र्याची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र त्यांच्या पर्समध्ये कायम असायचं, आणि त्या हसल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. गुरुवारी त्यांनी आधी कोटेशनरावांच्या गाडीला दहा ठिकाणी यंत्र लावलं, आकडे लिहून घेतले आणि मग त्याच गाडीत बसून दोघं शोरूममध्ये गेली.

विक्रेता धावतच आला. चेहरा उतरलेला. "साहेब, बरं झालं आलात. कुणीतरी अफवा उठवली आहे हो. या आठवड्यात चौदा गिऱ्हाइकं आली, दारं ठोकून पाहिली आणि निघून गेली. एकाने तर जुनीच खेप द्या म्हणून हट्ट धरला. कोण असले उद्योग करत असेल?"

कोटेशनराव एका गाडीचे टायर फार बारकाईने पाहत राहिले. मान वर केली तर समोर भिंतीवर त्यांचा फोटो होता. पुठ्ठ्याची किल्ली, कानापर्यंत गेलेलं हसू, आणि बरोबर त्याखाली लाल अक्षरांत नवी किंमत.

तपासनीस बाईंनी दहा ठिकाणी यंत्र लावलं, बेरीज केली, भागाकार केला आणि सांगितलं, "जुनी शून्य पूर्णांक सत्तर मिलिमीटर. नवी शून्य पूर्णांक बहात्तर."

"म्हणजे?"

"म्हणजे नवी जाड आहे."

"चुकून उलटं तर नाही ना लिहिलंत?"

बाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी पुढे विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता अहवाल बॅगेत घालून कोटेशनराव चहा पीत बसले होते. दोन तासांनी तो मालकांच्या टेबलावर जाणार होता आणि त्यांच्याच सहीने त्यांचं हसं होणार होतं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. मेहुणा आला होता. हातात चेक होता.

"भाऊजी, नाही म्हणू नका. मला तुमची गाडी द्या. तुम्ही भरली ती सगळी रक्कम देतो, एक पैसा कमी नाही. तुम्ही कुठूनही दुसरी मिळवाल, तुमच्या ओळखी आहेत. मला पातळ पत्र्याची घ्यायची नाही. मुलं बसणार आहेत तिच्यात."

कोटेशनरावांनी चेक हातात घेतला. आकडा पूर्ण होता. गाडी याला द्यायची, नवी स्वस्तातली घ्यायची, दोन लाख दहा हजार जिथल्या तिथे परत. वर पत्राही जाड. दहा वाजता मालकांना अहवाल दिला तरी चालेल, तोवर कोटेशनराव स्वतःच नव्या गाडीचे गिऱ्हाईक झालेले असतील. खिशातून पेन बाहेर आलं. बायको दोघांकडे पाठ करून कप विसळत होती. नळाचं पाणी जरा जास्तच वेळ वाहत होतं.

गाडी विकल्याची पावती लिहायला कागद पुढे ओढता ओढता, केवळ सवयीने, त्यांच्या तोंडून निघालं, "तीन ठिकाणी भाव काढलेस ना?"

"छे," मेहुणा म्हणाला. "मला कशाला हवेत? तुम्ही आहात की."

पेन थांबलं. बावीस वर्षांत असल्या खरेदीवर त्यांनी सही केली नव्हती. समोर एक माणूस एकही कोटेशन न घेता, एकदाही न मोजता, ऐकीव गोष्टीवर जुनी वस्तू पूर्ण भावात घेत होता, आणि ती गोष्ट त्याला सांगणारे ते स्वतःच होते. कोटेशनरावांना मनापासून लाज वाटली. त्यांनी बॅगेतून अहवाल काढला आणि मेहुण्याच्या हातात दिला.

मेहुण्याने चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही पानं वाचली.

"म्हणजे नवीनच जाड आहे?"

"किंचित."

"आणि दोन लाखांनी स्वस्त?"

"दोन लाख दहा हजारांनी."

"मग तुम्ही मला जे सांगितलंत ते..."

"डब्याचं झाकण बघून सांगितलं."

मेहुण्याने चेक घडी घालून खिशात ठेवला. "भाऊजी, मी साठ लोकांना सांगितलंय हो," तो एवढंच म्हणाला. बायकोने नळ बंद केला, हात पुसले आणि नवऱ्याच्या बशीत न मागता दुसरा टोस्ट ठेवला.

कारखान्यात व्हायचं तेच झालं. मालकांनी अहवाल वाचला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे तुमची गाडी महाग आणि पातळ. असंच ना?" कोटेशनराव हो म्हणाले. दुपारपर्यंत ही बातमी सुट्या भागांच्या गोदामापर्यंत पोचली होती. कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी ना कुणी टकटक करायचं. आठवडाभर त्यांनी ते निमूटपणे सोसलं.

मालकांनी तीन गाड्या घेतल्या. मेहुण्यानेही एक घेतली. या वेळी सगळं रीतसर झालं. तीन कोटेशनं, फाइल, रंगीत चिठ्ठ्या, तपासनीस बाईंचे आकडे, आणि शेवटच्या पानावर कोटेशनरावांचा लेखी अभिप्राय, 'भाव यापेक्षा खाली जाणे संभवत नाही. खरेदीस हीच योग्य वेळ.' मेहुण्याला छत्र्याही दोन मिळाल्या.

त्यानंतर सतरा दिवस गेले.

रविवारी सकाळी कोटेशनराव खिडकीपाशी बसले होते. बायको पुस्तक वाचत होती. मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, पेपर पाहिलात?"

कोटेशनरावांनी पेपर उघडला. या वेळी किंमत आणखी दीड लाखाने उतरली होती.

"माझं आता काय व्हायचं ते होवो," मेहुणा म्हणाला. "पण उद्या सकाळी दुकान उघडायचंय. बाकावर माणसं बसलेली असणार. सगळे विचारतील. माझ्या खेपेत काय जास्त आहे, तेवढं सांगा."

"अरे, मी आता असलं काही..." कोटेशनराव अडखळले. त्यांनी खरोखरच कानाला खडा लावला होता.

बायकोने पुस्तकातून मान वर केली नाही. "काच सांगा," ती म्हणाली. "पत्रा सांगून झालाय. काच जाड आहे म्हणावं. चष्मेवाला आहे तो, त्याचं लोक ऐकतील."

कोटेशनराव तिच्याकडे बघतच राहिले. ते काही बोलणार एवढ्यात पलीकडून मेहुणा म्हणाला, "ताईचं ऐकू आलं मला," आणि समाधानाने फोन ठेवला.

फोन लगेच पुन्हा वाजला. या वेळी मालक होते. आणि त्यांच्या गाड्या तीन होत्या.