बारा व्होल्टची गाडी

शेषेरावांनी जुन्या पलंगाच्या फळीवर हातानं बनवलेल्या छोट्या आगगाडीचा रूळ मांडला होता, आणि दुपारी चारला टेम्पो यायचा होता. टेम्पोतून शेषेराव मुरुड सोडून लातूरला लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. फळी सोबत जाणार की नाही, ते अजून ठरायचं होतं.

"बापू, आमच्याकडं मोकळी खोली एकच हाय," न्यायला आलेली लेक वर्षाराणी सकाळीच म्हणाली. "तिथं आमच्या सृष्टीचं अभ्यासाचं टेबल हाय. तुमची गाडी चालत असंल तर टेबल हलवू. बंद पडलेलं सामान न्यायचं म्हणलं तर न्हाई जमायचं."

"चालतीय की! काल दहा फेरे मारले तिनं."

खरी छोटी गाडी, लातूरची अरुंद रुळांची आगगाडी, बंद होऊन कित्येक वर्षं झाली. त्यांची बायको सिंधु लग्न होऊन त्याच गाडीनं मुरुडला आली होती. गेल्या वर्षी आजारपणात ती रोज म्हणायची, "रूळ झाले की. एकदा चालवून दाखवा." शेषेराव म्हणायचे, "थांब, वायरिंग राहिलंय." एकतीस वर्षं वायरमन होते, सैल जोड त्यांना खपत नसे. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून लाल आणि काळी वायर; करंट रुळातूनच चाकांना मिळायचा. ते पक्कं होईपर्यंत सिंधु थांबली नाही.

निरोपाला सिंधुची थोरली बहीण महानंदाअक्का आल्या होत्या. फळी बघून त्या थबकल्या. "दाजी, नवी गाडी अन् बिनपूजेची?"

"बरोबर हाय, अक्का." शेषेरावांना पटलं. नोकरीत त्यांनी नारळ फोडल्याशिवाय विजेची एक डीपी पेटी चालू केली नव्हती.

अक्कांनी इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं, मग दोन्ही रुळांना, हात आखडता न घेता. वरून नारळाचं पाणी शिंपडलं. शेषेरावांनी हात जोडून बटण दाबलं. इंजिन जरा थरथरलं आणि जागेवरच राहिलं.

"बटण दाबलं का?" अक्का म्हणाल्या.

"एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

फ्यूज पाहिला. अडॅप्टर बदलला. वायरी बघायला फळी भिंतीला उभी केली, तर स्टेशनाचं चिमुकलं पत्र्याचं शेड आणि खेळण्यातले तीन प्रवासी कपाटाखाली गेले. शेवटी गल्लीतला जुना सहकारी दयानंद टेस्टर घेऊन आला. रुळाला टेस्टर लावून म्हणाला, "लाईटच न्हाई!"

"अरे, बारा व्होल्टला टेस्टर पेटतो का, दया?"

"मग अकरा हजाराची लाईन वढू का?"

दोघांनी सगळे जोड सोडले आणि पुन्हा बांधले. बटण दाबलं. काही नाही. दरवेळी अक्का म्हणत, "पूजा कमी पडली," आणि आणखी एक मूठ सोडत. साडेतीनपर्यंत रूळ हळदीत दिसेनासे झाले. डीपीला कुंकू लावून कधी लाईन गेली नव्हती, म्हणून शेषेरावांना शंका आली नाही. मात्र डीपीचं कुंकू ते पेटीच्या दरवाज्याला लावत, बाहेरून.

टेम्पोचा हॉर्न वाजला. दयानंद ड्रायव्हरला थांबवायला गेला. अक्का उरलेला नारळ आणायला स्वयंपाकघरात गेल्या. शेषेराव खाली मान घालून वायर गुंडाळू लागले.

"राहू दे, पोरी. भंगारवाल्याला देऊन टाक."

वर्षाराणी फळीवर वाकली. काहीतरी घासल्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बापू, एकदा दाबा."

"आता कशाला?"

"दाबा की!"

त्यांनी दाबलं. इंजिन निघालं. वळण घेतलं, पूल ओलांडला, फिरून समोर आलं.

अक्का नारळ घेऊन धावत आल्या. "बघा! म्हणलं न्हवतं?"

शेषेराव वाकले. रूळ लखलखीत होते. इंजिनाची चाकंसुद्धा पुसलेली. वर्षाराणीचा पदर पिवळा-लाल झाला होता. सकाळपासूनचा फॉल्ट त्यांना तेव्हा सापडला. ते तोंड उघडणार, तोच तिनं मान हलवली.

"व्हय अक्का," ते म्हणाले, "पूजाच लागली."

त्यांनी बटणावरचं बोट काढलं नाही. सिंधुची खाट जिथं असायची त्या बाजूनं गाडी चार वेळा गेली.

वर्षाराणीनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, सृष्टीचं टेबल आपल्या खोलीत घ्या."

"अन् आपण झोपायचं कुठं?"

तिनं फोन ठेवला आणि अक्कांचं लक्ष जायच्या आत पदर धुवायला मोरीत शिरली.