घोड्यांवर भरवसा नसलेली समिती

घोडा मांसाचा असतो.

परमेश्वराचा फोटो मिळत नाही.

भाऊसाहेबांचा डावा गुडघा दुखतो.

मातीत रचलेली भिंत फार वाद घालत नाही.

माणसाने भरवसा फक्त देवावर ठेवावा, याबद्दल देवगाव फाट्याच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत कधीच दुमत नव्हतं. म्हणूनच रस्ता रुंदीकरणात प्रार्थनाघराच्या आवाराची पुढची भिंत जाणार असं कळलं, तेव्हा पास्टर नागेश यांनी यशया संदेष्ट्यावर उपदेश केला. यरुशलेमवर संकट आलं. दरबारी मंडळी मिसर देशाकडे घोडे मागायला धावली. यशया म्हणाला, घोडे म्हणजे नुसतं मांस, देवाकडे वळा. सगळे 'आमेन' म्हणाले. माझं आमेन सर्वांत मोठं होतं. (मी सचिव आहे.)

लगेच 'केवळ देवावर भरवसा' असा ठराव झाला. ठराव झाला की कार्यक्रम आला, कार्यक्रम आला की प्रमुख पाहुणे आले. भाऊसाहेबांना बोलवायचं ठरलं. ते आमदार आहेत, घोडे नाहीत. यशयाची हरकत त्यांना लागू होत नव्हती. (हा मुद्दा माझा.)

बॅनरवर 'आमचा भरवसा केवळ परमेश्वरावर' आणि खाली नेत्यांचे फोटो. परमेश्वराचा उपलब्ध नसल्याने ती जागा मी भरून काढली.

मग पीएंचा फोन आला: साहेबांना चालवत नाही, गाडी दारापर्यंत गेली पाहिजे. गाडी रुंद, फाटक अरुंद. सबब फाटकालगतच्या विटा तात्पुरत्या उतरवायचं ठरलं. उरलेल्या भिंतीनेही मग एकमताने अंग टाकलं.

ही भिंत आमच्या मंडळीतल्या मनकर्णाबाईच्या नवऱ्याने, सिद्धोधनने, दर उन्हाळ्यात एक थर अशी एकट्याने रचलेली. तो गेल्यापासून ती येता-जाता विटांवरून हात फिरवायची.

"सेक्रेटरी, भित वाचवायलाव का पाडायलाव?"

"वाचवायसाठीच, मावशी. साहेब एकदा आत आले की काम झालं समजा."

"अन् देव? त्याची बी गाडी अडकायलीय का फाटकात?"

"देव आतच असतो, मावशी."

"मंग भायेरच्याला कशापायी बोलवायलाव?"

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने घेण्यात आला नाही.

रविवारी सकाळची प्रार्थना साहेबांसाठी थांबवली. देव आधीच हजर असल्याने त्याची गैरसोय झाली नसावी. दुपारी गाडी थेट दारात आली. शाल, नारळ झाल्यावर साहेबांनी विचारलं, "कोणती भिंत वाचवायचीय? दाखवा."

आम्ही विटांच्या ढिगाकडे पाहिलं. ढिगावर मनकर्णाबाई बसली होती, मांडीवर एक वीट घेऊन.

"म्हणजे आता काही अडचणच राहिली नाही," साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. सुरुवात मी केली.

हसताय? हसा. फक्त घरच्या लग्नात मुहूर्त टळून गेल्यावरही अक्षता मुठीत धरून तुम्ही कुणाच्या गाडीची वाट पाहत होतात, तेवढं आठवा.

रस्ता पलीकडच्या बाजूने वाढवायचं आदल्या मंगळवारीच ठरलं होतं.